आधी विमान की आधी पाहुणे? मुंबई–ऑस्ट्रेलिया हवाई मार्गाचे गणित



गणपती बसले की आपल्या घराघरांतून दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक, यंदा मोदक कोण करणार, आणि दुसरी, डिसेंबरची तिकिटे कितीला पडली. "सिंगापूरवरून जाताय की क्वालालंपूरवरून?", "चार महिने आधी काढायला हवी होती हो!", "आई-बाबांना एकटे कसे पाठवायचे, मध्ये विमान बदलायचे आहे" ही वाक्ये आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हमखास ऐकू येतात.

आपण हा विषय घरगुती समजतो. तिकीट स्वस्त मिळाले तर नशीब, महाग पडले तर विमान कंपनीच्या नावाने बोटे मोडायची. पण या तिकिटामागे दोन देशांचे करार आहेत, विमानाच्या इंजिनाचे शास्त्र आहे, पर्यटनाचे राजकारण आहे, आणि बरेच काही आपल्या स्वतःच्या सवयींवरही अवलंबून आहे. पर्यटन वाढले म्हणून विमाने वाढतात, की विमाने आली म्हणून पर्यटन वाढते? कोंबडी आणि अंड्यासारखा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या मुंबई–ऑस्ट्रेलिया मार्गावर तपासून पाहू.

कलकत्त्याला थांबणारे विमान

आज सिडनीहून लंडनला जाणाऱ्या माणसाला वाटेत भारत लागतो याची जाणीवही होत नाही. पूर्वी तसे नव्हते. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासने सिडनी–लंडन सेवा स्वतःच्या कॉन्स्टेलेशन विमानाने सुरू केली, तेव्हा प्रवासाला चार दिवस लागत. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत ते विमान जाई. त्या विमानात पाहुणे होते २९ आणि त्यांच्या दिमतीला कर्मचारी ११! भारत स्वतंत्र होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. भारत आणि ऑस्ट्रेलिया आकाशमार्गाने जोडलेले होते, पण ते केवळ वाटेतले थांबे म्हणून. इंधन भरायचे, चहा घ्यायचा, पुढे निघायचे.

एअर इंडिया १९५६ मध्ये मुंबईहून सिडनीला येऊ लागली. त्याच वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक होते. पण विमान असले तरी भारतीय प्रवासी येणार कुठून? त्या काळात ऑस्ट्रेलियाचे 'गोऱ्यांसाठीच ऑस्ट्रेलिया' हे धोरण चालू होते. ते १९६६ मध्ये सैल झाले आणि १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने पूर्णपणे संपवले. आपल्यापैकी बहुतेकांचे येणे त्यानंतरचे, आणि फार मोठ्या संख्येने तर २००० नंतरचे. म्हणजे आपल्या मार्गावर विमान आधी आले, माणसे खूप नंतर आली. मधल्या काळात दार उघडले ते कायद्याने. नुसत्या विमानाने माणसे येत नाहीत, हा पहिला धडा.

विमान आले आणि गाव बदलले

आता उलटी उदाहरणे पाहू. क्वीन्सलंडच्या उत्तरेकडचे केर्न्स हे एकेकाळी उसाचे आणि बंदराचे गाव होते. १९८४ मध्ये तिथला विमानतळ आंतरराष्ट्रीय विमानांसाठी खुला झाला. त्याच वर्षी पॉल होगनच्या जाहिराती अमेरिकेच्या टीव्हीवर झळकल्या आणि ऑस्ट्रेलिया हे नाव जगाच्या सहलीच्या यादीत आले. जपानहून थेट विमाने केर्न्सला उतरू लागली. ग्रेट बॅरियर रीफ तिथे हजारो वर्षे होताच, पण टोकियोच्या कारकुनाला चार दिवसांच्या सुट्टीत तो पाहता येऊ लागला तो विमानामुळे. गावात हॉटेले उभी राहिली, दुकानांवर जपानी पाट्या लागल्या.

आणि जे विमान देते ते विमान काढूनही घेते. २००८ मध्ये क्वांटासने केर्न्स–जपान फेऱ्या कमी केल्या तेव्हा गावाच्या पोटावरच पाय आला. रीफ तोच, हॉटेले तीच, पण पाहुणे आणणारी वाट अरुंद झाली.

उलुरूची गोष्टही अशीच. १९८० च्या दशकात कॉनेलन विमानतळ आणि युलारा हे पर्यटकांचे गाव उभे राहण्याआधी अनेकांना ॲलिस स्प्रिंग्जहून सुमारे ४५० किलोमीटर रस्त्याने जावे लागे. विमानाने ती तंगडतोड संपवली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी उलुरूची मालकी अनंगु लोकांना परत मिळाली आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणे बंद झाले. म्हणजे विमानाने माणसे आणली, पण आलेल्या माणसांनी तिथे कसे वागायचे हे ठरवण्याचा हक्क अखेर तिथल्या लोकांकडे गेला. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विमान नसले तर काय होते याचा जिवंत प्रयोग ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये पाहिला. त्या ऑगस्टमध्ये देशांतर्गत विमानांच्या वैमानिकांनी २९.४७ टक्के पगारवाढीची मागणी केली. हॉक सरकारने ती मानली नाही, आणि वैमानिकांनी सामुदायिक राजीनामे दिले. सरकारने हवाई दलाची विमाने प्रवाशांसाठी काढली, परदेशी कंपन्यांना देशातल्या देशात प्रवासी नेण्याची परवानगी दिली. तरी क्वीन्सलंड आणि टास्मानियातल्या पर्यटनाचा तो हंगाम बुडाला. त्यानंतर १९९० मध्ये 'दोनच कंपन्या' हे जुने धोरण संपले. २००० मध्ये व्हर्जिन ब्लू आली, सप्टेंबर २००१ मध्ये ॲन्सेट कोसळली, २००४ मध्ये जेटस्टार आली. तिकिटे स्वस्त झाली आणि मेलबर्नकर शनिवार-रविवारला गोल्ड कोस्टला जाऊ लागले. आज आपण आई-बाबांना घेऊन सहज तीन दिवस केर्न्सला जातो, त्याची मुळे या उलथापालथीत आहेत.

आकाशातल्या हद्दी

बसगाडी सुरू करायची तर परवाना लागतो. विमानाचेही तसेच, फक्त परवाना देणारी दोन सरकारे असतात. १९४४ च्या शिकागो करारापासून प्रत्येक देश आपल्या आकाशाचा मालक आहे. कोणत्या देशाच्या विमानांनी आठवड्याला किती फेऱ्या करायच्या आणि कोणत्या शहरांत उतरायचे, हे दोन देश वाटाघाटीने ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यातल्या कराराचे उदाहरण घ्या. आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा भरून गेली आणि एमिरेट्स अधिक आसने मागत राहिली.

ऑस्ट्रेलियातही याचे राजकारण आपण पाहिले. जुलै २०२३ मध्ये सरकारने कतार एअरवेजला वाढीव फेऱ्या नाकारल्या. तिकिटे महागलेली असताना स्पर्धा का रोखली, क्वांटासला झुकते माप दिले का, यावर सिनेटची चौकशी बसली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये कतारला व्हर्जिन ऑस्ट्रेलियात २५ टक्के वाटा घेण्यास मंजुरी मिळाली, आणि जून २०२५ पासून व्हर्जिनच्या नावाने कतारची विमाने दोह्याला जाऊ लागली. एका दाराने नाही तर दुसऱ्या दाराने!

भारत–ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत मात्र कागदावर अडचण फारशी नाही. भारताच्या २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानुसार दिल्लीपासून ५,००० किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या देशांशी परस्पर खुल्या आकाशाचा करार करता येतो. मग मुंबईची वाट इतकी का रखडली? त्याचे कारण कायद्यात नसून हिशोबात आहे.

मुंबईचे घोडे कुठे अडले?

वस्तुस्थिती आधी पाहू. क्वांटासने २०१२ मध्ये सिंगापूरमार्गे जाणारी मुंबई सेवा बंद केली. एअर इंडियाने २९ ऑगस्ट २०१३ पासून ड्रीमलायनर विमानाने दिल्लीहून सिडनी-मेलबर्न सुरू केले. क्वांटास परत आली ती डिसेंबर २०२१ मध्ये मेलबर्न–दिल्ली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सिडनी–बंगळूर घेऊन. मुंबईला थेट विमान मिळाले ते १५ डिसेंबर २०२३ रोजी, एअर इंडियाचे मुंबई–मेलबर्न, आठवड्याला तीन फेऱ्या. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ मुंबईकर आणि पुणेकर दिल्लीला वळसा घालत होते किंवा परक्या विमानतळावर रात्र काढत होते.

आता तीन फेऱ्यांचा हिशोब करू. या विमानात २५६ आसने. आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे ७६८. वर्षभर एकही फेरी न चुकता चालली तर एका दिशेने सुमारे ४० हजार. कोविडपूर्व २०१९ मध्ये भारतातून ऑस्ट्रेलियात आलेले पाहुणे होते सुमारे ४ लाख. म्हणजे दहातला एक. बाकीचे नऊ दिल्ली, बंगळूर किंवा सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, हाँगकाँग अशा वाटांनीच येणार. थेट विमान मोठी सोय आहे, पण एकट्याच्या बळावर ते तिकिटाचे दर पाडेल अशी आशा करणे म्हणजे एका बादलीने विहीर उपसणे.

आणि सुरू होणे वेगळे, टिकणे वेगळे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाला भीषण अपघात झाला. त्यानंतर तपासण्यांसाठी कंपनीने मोठ्या विमानांच्या फेऱ्यांत तात्पुरती कपात केली, त्यात दिल्ली–मेलबर्न आणि दिल्ली–सिडनी आठवड्याला सातवरून पाचवर आल्या. विमाने मोजकी असली की पहिली कात्री लांबच्या मार्गाला लागते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या महिन्याचे वेळापत्रक स्वतः पाहून घ्यावे, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

मुंबईसारख्या श्रीमंत शहराला लांबचे थेट विमान जड का जाते? कारणे तीन.

पहिले, विमान. जम्बो जेटच्या काळात चारशे प्रवासी भरल्याशिवाय धंदा परवडत नसे. त्यामुळे सगळ्यांना सिंगापूरसारख्या एका जंक्शनवर गोळा करायचे आणि तिथून मोठ्या विमानाने पुढे न्यायचे, अशी पद्धत पडली. आपल्या भाषेत सांगायचे तर कल्याण किंवा मनमाडला गाडी बदलण्यासारखे. ड्रीमलायनरसारखी कमी इंधनात लांब जाणारी, मध्यम आकाराची विमाने आली तेव्हा जंक्शन टाळणे शक्य झाले. पर्थहून थेट लंडन हे २४ मार्च २०१८ पासून प्रत्यक्षात आले ते याच विमानामुळे. पण अशी विमाने मोजकी, मागणी जगभर. मेलबर्नला लावलेले विमान कंपनी लंडन किंवा न्यूयॉर्कलाही लावू शकते, आणि जिथे महागडी तिकिटे खपतात तिकडे ते ओढले जाते.

दुसरे, जागा. मुंबईच्या सहार विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सोयीच्या वेळेला उतरायला जागा मिळणे दुष्कर. इकडे सिडनीच्या जुन्या विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. दोन्ही टोकांना वेळ जुळवायची म्हणजे पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड! यात बदल घडतो आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. पश्चिम सिडनीचा नवा विमानतळ चोवीस तास चालवण्यासाठीच बांधला आहे. उलवे आणि बॅजरीज क्रीक ही दोन नावे उद्या आपल्या तिकिटावर शेजारी शेजारी छापली जाणे अशक्य नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते म्हणजे आपण स्वतः.

आकाशातले चाकरमानी

गणपतीत कोकण रेल्वेचे काय होते ते सांगायला नको. जाताना गाड्या ओसंडून वाहतात, त्याच गाड्या त्या दिवसांत मुंबईकडे परत येताना अर्ध्या रिकाम्या. विसर्जनानंतर चित्र नेमके उलटे. चाकरमानी एकाच वेळी निघतो, एकाच वेळी परततो. आपणही तसेच. डिसेंबरमध्ये शाळा सुटल्या की सगळे भारताकडे, जानेवारीच्या शेवटी सगळे परत. भारतातले पाहुणे मुलांना मे महिन्याची सुट्टी लागली की इकडे निघतात. विद्यार्थी फेब्रुवारी आणि जुलैत. प्रत्येक लाट एका दिशेची, आणि उलट्या दिशेचे विमान कमी भरलेले. विमान कंपनी त्या रिकाम्या आसनांचे पैसे कोणाकडून वसूल करणार? अर्थात भरलेल्या आसनांकडून. डिसेंबरच्या तिकिटात आपण जाण्याचे भाडे तर देतोच, शिवाय आपल्याला सोडून मोकळ्या परतणाऱ्या रिक्षाचेही देतो.

त्यातून आपण दराच्या बाबतीत चोखंदळ. शंभर डॉलर वाचणार असतील तर सात तास विमानतळावर बसायची आपली तयारी असते. यात गैर काहीच नाही, चौघांच्या कुटुंबाला शंभराचे चारशे होतात. पण कंपनीला थेट विमानासाठी जादा पैसे मोजणारा प्रवासी हवा असतो, आणि तो बहुधा कंपनीच्या खर्चाने जाणारा व्यावसायिक असतो. मुंबई–लंडनला असे प्रवासी ढीगभर. मुंबई–मेलबर्नला अजून कमी.

विमानतळ बांधला आणि विमान आणले की सगळे आपोआप होते, असे समजणाऱ्यांनी सिंधुदुर्गाकडे पाहावे. चिपी विमानतळावरून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या थाटात मुंबईची सेवा सुरू झाली. तारकर्ली, मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, सगळे जवळ. तरी ती सेवा नियमित राहू शकली नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १९८७ मध्ये जर्मनीहून पहिले चार्टर विमान आले आणि पुढे किनारपट्टीचे रूपच पालटले. तिथे हॉटेल, टॅक्सी, विमान आणि परदेशातला सहल विकणारा, असे सगळे एकाच वेळी जुळले होते. विमान ही साखळीतली एक कडी आहे. बाकीच्या कड्या नसतील तर ती नुसती लोंबकळते.

आपल्या मार्गावर ती साखळी कोणी जोडली? एक वाटा मराठी सहल कंपन्यांचा. केसरी, आणि २०१३ पासून वीणा वर्ल्ड, यांनी मराठी मध्यमवर्गाला गटाने ऑस्ट्रेलिया दाखवायला सुरुवात केली. मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि वेळेवर भारतीय जेवण, एवढ्या भरवशावर साठीतली मंडळी विषुववृत्त ओलांडून आली. दुसरा वाटा सिनेमा आणि क्रिकेटचा. २००१ च्या 'दिल चाहता है' ने सिडनी दाखवली, २००५ च्या 'सलाम नमस्ते' ने मेलबर्न. ऑगस्ट २०२५ मध्ये टुरिझम ऑस्ट्रेलियाने भारतासाठीच्या नव्या जाहिरातींत सारा तेंडुलकरला घेतले, यात आपल्यालाही थोडे कौतुक वाटणारच.

पण सर्वांत मोठा वाटा आपला, आणि तोच सर्वांत कमी दिसतो. विमानात येताना भरायचे जे कार्ड असते त्यावर येण्याचे मुख्य कारण विचारतात. आई-बाबा 'नातेवाइकांना भेटणे' यावर खूण करतात. पर्यटनाच्या हिशोबात हा पाहुणा बराच काळ दुय्यम मानला गेला, कारण तो हॉटेलात उतरत नाही. पण तो येतो तेव्हा काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. फिलिप आयलंडचे पेंग्विन आपण एरवी पाहायला जात नाही, आई-बाबांबरोबर तिसऱ्यांदा जातो. ब्लू माउंटन्स, ग्रेट ओशन रोड, गोल्ड कोस्टची तिकिटे, मोठी गाडी भाड्याने, वाटेतली हॉटेले. हा खर्च आपल्या कार्डावरून होतो, त्यामुळे तो देशांतर्गत पर्यटनाच्या खात्यात पडतो. ज्या पाहुण्यामुळे तो झाला त्याच्या नावावर तो लागतच नाही.

या पाहुण्याची खरी किंमत कोविडनंतर कळली. २०१९ मध्ये चीनमधून सुमारे १४ लाख पाहुणे आले होते, भारतातून ४ लाख. २०२३ मध्ये भारताचा आकडा जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आला, चीनचा निम्म्यावरही आला नव्हता. याला चीनची स्वतःची उशिरा उठलेली बंधने हेही एक कारण आहे. पण मुख्य फरक असा की सहलीला जाणारा माणूस जागा बदलू शकतो, ऑस्ट्रेलिया नाही तर थायलंड. नातवाला भेटायला निघालेल्या आजीला दुसरे ठिकाण नसते. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक ऑस्ट्रेलियात होते, इंग्लंडखालोखाल दुसरा क्रमांक. यातल्या प्रत्येक घरामागे भारतात एक घर आहे, आणि ती दोन घरे हाच या हवाई मार्गाचा पाया आहे.

दार बंद झाले तेव्हा

विमान आणि माणूस यांच्यामध्ये सरकार उभे असते हे आपण विसरलो होतो. २० मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या. काही दिवसांतच नागरिकांना देशाबाहेर जायलाही परवानगी लागू लागली. एप्रिल २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली आणि २७ एप्रिलपासून भारतातून येणारी विमाने थांबवली गेली. ३ मेपासून तर मागच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या कोणीही, अगदी ऑस्ट्रेलियाच्या नागरिकानेही, इकडे येणे हा गुन्हा ठरला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. ही बंदी १५ मेपर्यंतच होती, पण तिची आठवण तेवढ्यात संपणारी नाही. कित्येकांनी आईवडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. आजी-आजोबांनी दोन वर्षांचे होईपर्यंत नातवंडाला हातात घेतले नाही.

आईवडील हे 'जवळचे कुटुंब' आहे हे नियमात यायला १ नोव्हेंबर २०२१ उजाडावे लागले. तोपर्यंत प्रवेशाच्या सवलतीसाठी जवळचे कुटुंब म्हणजे पती-पत्नी आणि मुले. आपल्याकडे कुटुंबाची व्याख्या कोणी विचारत नाही, म्हणून आपल्याला ती सांगायचीही सवय नाही. ती सांगावी लागते, आणि मोठ्याने सांगावी लागते. सर्वसाधारण पर्यटकांसाठी देश उघडला तो २१ फेब्रुवारी २०२२ रोजी.

नाण्याची दुसरी बाजू

सगळेच वाढत राहावे असे म्हणणेही बरोबर नाही. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. समुद्र तापण्याचे ते लक्षण, आणि तापमान वाढवणाऱ्या धुरात विमानांचाही वाटा आहे. रीफ पाहायला जाण्याने रीफची हानी, असा हा तिढा आहे. गोव्यातही किनाऱ्यावरची गर्दी, पाणी आणि कचरा यांचे प्रश्न विमानांच्या मागोमागच आले. नातलगांना भेटण्यासाठीचा प्रवास टाळता येणार नाही. पण एका फेरीत अधिक दिवस राहणे आणि मध्ये विमान न बदलता जाणे, यातून निदान इंधन तरी वाचते. थेट विमानाच्या बाजूने हाही एक मुद्दा आहे.

मग आपण काय करायचे?

एक. आई-बाबांची भेट हंगाम सोडून ठरवावी. निवृत्त माणसांना शाळेच्या सुट्टीचे बंधन नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल, हवाही छान आणि तिकीटही तुलनेने सोसणारे. शिवाय रिकाम्या दिशेची आसने भरली की तो मार्ग टिकायलाही मदत होते.

दोन. एकट्याने येणाऱ्या ज्येष्ठांसाठी पैशांच्या फरकाचा विचार वेगळा करावा. गुडघे दुखणाऱ्या, इंग्रजीची सवय नसलेल्या आजीला अनोळखी विमानतळावर मध्यरात्री टर्मिनल बदलायला लावून वाचवलेले दोनशे डॉलर महागच पडतात. जंक्शनवरून यावेच लागले तर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात कमीपणा काही नाही.

तीन. पर्थ, ॲडलेड आणि ब्रिस्बेनच्या मराठी कुटुंबांची अडचण मेलबर्न-सिडनीकरांहून मोठी आहे. राज्य सरकारे आणि विमानतळ नव्या मार्गांसाठी विमान कंपन्यांना गळ घालत असतात, सवलतीही देतात. त्यांना आकडे लागतात. किती कुटुंबे, वर्षाला किती पाहुणे, कोणत्या महिन्यात, हे कोणी विचारले तर मंडळांनी एकत्र येऊन सांगता आले पाहिजे. गुजराती, तेलुगू, कन्नड मंडळांबरोबर बसून मागणी केली तर वजन पडेल.

चार. हा रस्ता दुतर्फा आहे. २०१९ मध्ये भारतात आलेल्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाचा क्रमांक चौथा होता, बांगलादेश, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या खालोखाल. यात ऑस्ट्रेलियन पासपोर्ट घेतलेली आपलीच मंडळी बरीच. पण आपण पाहतो काय? दादर, ठाणे, पुणे, लग्नाचे हॉल आणि मॉल. इथे वाढलेल्या मुलांना वेरूळचे कैलास लेणे, रायगड, हंपी किंवा मालवणचा समुद्र दाखवायला आठ दिवस राखून ठेवले तर मुलांची सुट्टीबद्दलची कुरकुर थांबेल. त्यांच्या शाळेतला एखादा मित्र पुढच्या वर्षी बरोबर यायलाही तयार होईल. गोऱ्या शेजाऱ्याने 'इंडिया' म्हणजे ताजमहाल आणि राजस्थान एवढेच समजू नये असे वाटत असेल, तर महाराष्ट्राची जाहिरात करायला आपल्याशिवाय दुसरे कोण आहे?

तर मंडळी, आधी विमान की आधी पाहुणे? केर्न्सला आधी विमान आले. आपल्या मार्गावर आधी माणसे आली, त्यांच्यामागे आईवडील आले, मग सहलीवाले आले, आणि या सगळ्यांच्या मागून, धापा टाकत, मुंबईचे थेट विमान आले. जे माणसांच्या ओढीने येते ते माणसांच्या ओढीनेच टिकेल. फक्त ती ओढ कोणाच्या तरी हिशोबात दिसली पाहिजे.

आपल्या शहरात याबाबत काय अनुभव आहे, कोणत्या मार्गाची गरज सर्वांत जास्त वाटते, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर मांडा. आणि हो, डिसेंबरची तिकिटे अजून काढली नसतील, तर हा लेख वाचून झाल्यावर पहिले ते काम करा!